उत्पन्न इथले, उणीव तिथली

राज्याच्या आर्थिक पाहणीत दरवर्षी जिल्हानिहाय दरडोई उत्पन्नाचा तक्ता छापून येतो. त्यात नाशिकचा आकडा पाहिला की जिल्हा सुखवस्तू वाटतो, आणि तसे वाटायला आधारही आहे. दिंडोरी-निफाडची द्राक्षे, लासलगावचा कांदा, ओझरचा विमानांचा कारखाना, नोटांचा छापखाना, सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती आणि गेल्या पाव शतकात उभ्या राहिलेल्या वायनरी, एवढे सगळे एका जिल्ह्यात आहे. मानव विकासाच्या मोजणीतही नाशिक मागे नाही. राज्याच्या २०१२च्या मानव विकास अहवालात मुंबईचा निर्देशांक ०.८४१ आणि नाशिकचा ०.७४६ होता. तळाला गडचिरोली ०.६०८ आणि नंदुरबार ०.६०४ होते. म्हणजे नाशिक वरच्या फळीत. सरकार दरबारी या जिल्ह्याची ओळख ‘प्रगत’ अशी आहे ती यामुळेच.

ही ओळख जिल्ह्याच्या पश्चिमेला राहणाऱ्या माणसांवर अन्याय करणारी आहे, आणि तो अन्याय नाशिक शहरातल्या पंचवटीत उघड्यावर दिसतो. पंचवटीतून दोन रस्ते फुटतात. पेठरोड सावळघाट चढून-उतरून पेठला आणि पुढे गुजरातेत जातो. दिंडोरीरोड वणीकडे आणि तिथून सुरगाण्याला. भाताची कापणी आटोपली, नागली घरात आली, दिवाळी झाली, की या दोन्ही रस्त्यांनी माणसे घरदार बंद करून निघतात. नाक्यावर उतरतात तेव्हा सोबत भांड्यांचे गाठोडे, ताडपत्री, थोडे पीठ आणि काखेत मूल असते. काही शहरातच बिगारी काम धरतात, काही फुलेनगरसारख्या वस्तीत नातेवाइकाच्या आडोशाला राहतात. बहुतेकांना द्राक्षपट्ट्यात जायचे असते. गिरणाऱ्याला तर मजुरांचा बाजारच भरतो. बागायतदार येतो, टोळीशी एकरी भाव ठरतो आणि उक्त्याने काम घेतले जाते. छाटणी, फूट काढणे, डिपिंग, मण्यांची विरळणी, शेवटी घड उतरवणे. युरोपच्या बाजारात जाणारा प्रत्येक घड या हातांतून दोन-चार वेळा तरी गेलेला असतो.

या हातांनी तयार केलेले उत्पन्न कुठे मोजले जाते, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. राज्याचे आणि जिल्ह्याचे स्थूल उत्पन्न काढताना ते जिथे निर्माण होते त्या जागेच्या खात्यावर टाकतात. ते कोणाच्या घरी पोहोचले, हे त्या हिशेबात नसते. बाग दिंडोरी तालुक्यात, म्हणून उत्पन्न दिंडोरीचे. वेलीखाली राबणारी बाई सुरगाणा तालुक्यातली, तिचे अशक्त मूल, तिची सुटलेली शाळा आणि तिच्या पाड्यावरचा पाण्याचा टँकर मात्र सुरगाण्याच्या खात्यावर. मग तज्ज्ञ दोन्ही तालुक्यांचे हिशेब शेजारी ठेवून सांगतात की हा तालुका मागास आहे, कारण इथे उत्पन्न कमी. उत्पन्न कमी आहे हे खरे. पण शेजारच्या तालुक्याच्या भरभराटीत या तालुक्याचा वर्षातला निम्मा घाम मिसळलेला आहे, ही बाब दोन्ही हिशेबांतून गळून जाते.

सरासरीचे गणितही इथे कठोर आहे. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाखांवर होती. पेठ आणि सुरगाणा या दोन तालुक्यांची मिळून सुमारे ३ लाख. वीस माणसांमागे एक. उद्या या दोन तालुक्यांचे सगळे उत्पन्न शून्यावर आले, तरी जिल्ह्याच्या दरडोई आकड्यात फार तर पाच टक्क्यांची घट दिसेल, आणि ती घट एखाद्या वर्षी कांद्याचा भाव चढला तर भरूनही निघेल. तीन लाख माणसांची उपासमारदेखील ज्या आकड्यात जेमतेम उमटेल, तो आकडा नियोजनाचा पाया कसा होऊ शकतो?

सायमन कुझनेट्सने १९३४ साली अमेरिकेच्या काँग्रेससमोर राष्ट्रीय उत्पन्नाचा पहिला मोठा हिशेब मांडला, तेव्हाच त्याने बजावले होते की या आकड्यावरून राष्ट्राच्या कल्याणाचा अंदाज बांधू नये. महबूब उल हक आणि अमर्त्य सेन यांच्या विचारातून १९९०मध्ये मानव विकास निर्देशांक आला तो हीच उणीव भरून काढण्यासाठी. आयुर्मान आणि शिक्षण उत्पन्नाच्या जोडीला आले. पण निर्देशांक सुधारला तरी मोजण्याचे एकक जिल्हाच राहिले. नीती आयोगाच्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकानेही मोठे काम केले. २०१५-१६च्या पाहणीवर आधारलेल्या पहिल्या मोजणीत महाराष्ट्रात १५ टक्क्यांच्या आत लोक बहुआयामी गरीब ठरले आणि नंदुरबारमध्ये निम्म्याहून जास्त, ५२ टक्के. नंदुरबार हा जिल्हा १९९८ला धुळ्यातून वेगळा झाला, म्हणून त्याची दैना आकड्यात दिसू लागली. पेठ-सुरगाणा वेगळा जिल्हा नाही. तेथील लोकसंख्येत आदिवासींचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर आहे, डोंगर तसेच, पीक तेच, स्थलांतर तेच. तरी हे तालुके नाशिकच्या सावलीत झाकले गेले. श्रीमंत जिल्ह्यातला गरीब तालुका असणे हे गरीब जिल्ह्यातला तालुका असण्यापेक्षा कधी कधी अधिक महागात पडते.

महाराष्ट्रातल्या अनुशेषाच्या राजकारणाने हे अधिक पक्के केले. दांडेकर समितीने १९८४मध्ये जिल्हावार अनुशेष काढला. पुढे विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन वैधानिक मंडळे झाली. नाशिक ‘उर्वरित’मध्ये गेले, आणि उर्वरित म्हणजे पुढारलेला, असा समज रूढ झाला. विदर्भाच्या किंवा मराठवाड्याच्या नावाने विधिमंडळात आवाज उठतो आणि तो उठलाच पाहिजे. सुरगाण्याच्या नावाने असा प्रदेशाचा आवाज उठत नाही. विजय केळकर समितीने तालुका हे एकक धरण्याचा आग्रह धरला होता. तो अहवाल २०१४च्या अखेरीस सभागृहात मांडला गेला आणि तिथेच थबकला. एक अपवाद मात्र आवर्जून सांगायला हवा. २००६मध्ये सुरू झालेले मानव विकास मिशन पुढे १२५ तालुक्यांपर्यंत नेले गेले, ते तालुका हे एकक धरून. या मिशनच्या निळ्या एसटी बसमुळे घाटातल्या मुली आठवीनंतरही शाळेत टिकल्या. अभ्यासिका सुरू झाल्या. नेमकी जागा बोट ठेवून दाखवली तर सरकारचा पैसा कसा कामाला येतो, याचा हा पुरावा आहे.

या भागात उत्पन्न कमी का, याचे उत्तर लोकांच्या आळसात किंवा अडाणीपणात शोधणारे अजूनही भेटतात. त्यांनी जून ते सप्टेंबर पेठला जाऊन पाहावे. वर्षाला सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस तिथे पडतो. निफाड-येवल्याकडे त्याच्या चौथाई-तिहाईइतकाच. पण निफाडला गंगापूर, पालखेड, करंजवण अशा धरणांचे आणि नांदूरमधमेश्वरच्या कालव्यांचे पाणी आहे. पेठ-सुरगाण्याचे पाणी दमणगंगा, नार, पार या नद्यांनी पश्चिमेला गुजरातेत उतरते. उताराची जमीन, खाली काळा कातळ, साठवण नाही. त्यामुळे वर्षाला एकच पीक येते आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याच पाड्यांवर टँकर येतो. नार-पारचे पाणी गिरणेकडे वळवायच्या योजना दशकानुदशके चर्चेत आहेत. त्या व्हाव्यात की नाही हा वेगळा वाद. पण ज्या डोंगरावर हा पाऊस पडतो त्या डोंगरावरच्या शेतकऱ्याला दुसऱ्या पिकापुरते पाणी आधी मिळावे, याला कोणाचा विरोध असेल असे वाटत नाही. पाण्याचा कारभार लोकांना जमतो, हे याच जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पावर पाणीवापर संस्थांनी दाखवून दिले आहे.

पाण्याच्या जोडीला जमिनीचा प्रश्न आहे. वनजमीन पिढ्यानुपिढ्या कसायची, पण सातबारा नावावर नाही. सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही, विहीर नाही, विजेची जोडणी नाही. २००६च्या वनहक्क कायद्याने दार उघडले, दावे मात्र वर्षानुवर्षे पडून राहिले. मार्च २०१८मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेल्या किसान सभेच्या मोर्चात बहुसंख्य लोक सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवणचे आदिवासी होते आणि त्यांची पहिली मागणी हीच होती. त्यांच्या सोललेल्या पायांची छायाचित्रे देशाने पाहिली. जमिनीची ही मागणी या मातीत जुनी आहे. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावात जन्मलेल्या दादासाहेब गायकवाडांनी २ मार्च १९३०पासून काळाराम मंदिराचा सत्याग्रह पंचवटीत लढवला, आणि स्वातंत्र्यानंतर तेच दादासाहेब भूमिहीनांच्या सत्याग्रहाचे नेते झाले. मंदिराच्या दारापासून जमिनीच्या तुकड्यापर्यंतचा त्यांचा प्रवास हा मानव विकासाचा आपल्या जिल्ह्यातला सर्वांत स्पष्ट धडा आहे. माणसाला प्रतिष्ठा आणि जगण्याचे साधन दोन्ही लागतात, आणि एकाच्या बदल्यात दुसरे देता येत नाही.

२०२२च्या अखेरीस सुरगाण्याच्या सीमेवरच्या गावांनी गुजरातमध्ये सामील करून घ्या अशी मागणी केली, तेव्हा अनेकांना महाराष्ट्राभिमानाची आठवण झाली. त्या गावांनी मागितले होते रस्ते, दवाखाना, पाणी आणि वीज. सीमेपलीकडच्या गावाला मिळते ते आपल्याला का नाही, एवढाच त्यांचा सवाल होता. नाशिक शहरात राज्याचे आदिवासी विकास आयुक्तालय आहे. आदिवासी विकास महामंडळाचे मुख्यालय इथेच आहे. पंचवटीच्या पुढे म्हसरूळला राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. एवढ्या संस्था ज्या रस्त्याच्या एका टोकाला आहेत, त्याच्या दुसऱ्या टोकाच्या गावाला दवाखान्यासाठी राज्य सोडावेसे वाटते, ही नामुष्की शहराने आपली मानली पाहिजे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. उत्पन्न वाढले की माणसाचा विकास मागोमाग येतो, असे मानण्याची आपल्याला सवय झाली आहे. महाराष्ट्राचे स्वतःचे उदाहरण या समजाला तडा देते. आपले दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीच्या जवळजवळ दीडपट आहे. पण २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के बालके खुजी आढळली. देशाची सरासरी ३५.५. म्हणजे दीडपट उत्पन्नाने मुलांच्या उंचीत काहीच फरक पडला नाही. वजनाच्या बाबतीत तर आपण देशापेक्षाही मागे आहोत. कमी वजनाची बालके देशात ३२.१ टक्के, महाराष्ट्रात ३६.१. आपल्याइतकेच उत्पन्न असलेल्या केरळमध्ये खुज्या मुलांचे प्रमाण २३.४ टक्के आहे. केरळने दवाखाने, शाळा, रेशन आणि मजुरीच्या करारांवर अनेक दशके काम केले. महाराष्ट्राने कारखाने, बागा आणि शहरे वाढवली, आणि ती वाढवणाऱ्या माणसाचे घर मोजणीबाहेर ठेवले.

स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाच्या बाबतीत ही फारकत कशी घडते, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. पोषण आहार अंगणवाडीतून मिळतो, अंगणवाडी पाड्यावर आहे, आणि आई-मूल पाच महिने द्राक्षबागेत आहेत. शाळेत नाव पाड्यावर आहे आणि मोठी बहीण बागेच्या कडेला धाकट्याला सांभाळत बसली आहे. गरोदर बाईची नोंद गावच्या उपकेंद्रात असते, आणि सातव्या महिन्यात ती शिडीवर चढून घड विरळते. मजुरी मिळते, हे खरे. त्या मजुरीने घरावर पत्रे येतात, लग्नाचे कर्ज फिटते, पुढच्या खरिपाचे बी येते. दारिद्र्यरेषेच्या हिशेबात हे कुटुंब कदाचित रेषेच्या वरही गेले असेल. पण ज्या महिन्यांत कुटुंबाच्या हाती पैसा येतो, नेमक्या त्याच महिन्यांत मुलाचा आहार, लस आणि शाळा सुटते. उत्पन्न आणि मानव विकास इथे एकमेकांच्या विरुद्ध दिशेला जातात, आणि हे मोजायला वार्षिक सरासरी उपयोगाची नाही.

धान्याच्या बाबतीत सरकारने ही गाठ सोडवली आहे. ऑगस्ट २०१९मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात रेशनकार्ड दोन्हीकडे चालू लागले, नंतर देशभर. हक्क दुकानाला बांधलेला नसून माणसाबरोबर फिरू शकतो, हे तत्त्व तिथे मान्य झाले. ते अंगणवाडीला, शाळेला आणि दवाखान्यालाही लागू करावे लागेल. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, महिला व बालविकास खात्याने स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवणारी संगणकीय पद्धतही आणली आहे. पण नोंद म्हणजे आहार नव्हे. दोन हजार वेलींच्या मधोमध, मालकाच्या शेडमागे ताडपत्रीखाली राहणाऱ्या मुलापर्यंत कोणीतरी ताट घेऊन पोहोचले पाहिजे. ऊसपट्ट्यात साखर कारखान्याचे एक आवार असते, म्हणून तिथे साखरशाळेचा प्रयोग तरी करता आला. द्राक्षबागा विखुरलेल्या, मालक वेगवेगळे, टोळ्या आठ-पंधरा दिवसांनी जागा बदलणाऱ्या. म्हणून इथे गावपातळीवरचे हंगामी पाळणाघर हाच मार्ग दिसतो. खर्चाला पैसा कुठून आणायचा, याचे उत्तर पंचवटीतच आहे.

पंचवटीच्या बाजार समितीत क्रेट उचलणारा हमाल माथाडी कायद्याखाली येतो. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९मध्ये झालेला हा कायदा महाराष्ट्राचा अभिमान आहे. हमालाचा मालक रोज बदलतो, काम तुकड्यातुकड्याने मिळते, तरी मजुरीवरची लेव्ही मंडळात जमा होते आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, रजा, औषधोपचार मिळतात. त्या लेव्हीवरून वाद होतात. २०२४मध्ये लासलगावला लिलाव बंद पडले ते अशाच वादातून. पण तत्त्व पक्के आहे की मालक बदलता असला तरी श्रमाच्या किमतीत कामगाराच्या आरोग्याचा आणि म्हातारपणाचा वाटा असतो. मग तोच क्रेट ज्या बाईने बागेत भरला तिच्या मजुरीत तो वाटा का नसावा? ती आणि हमाल एकाच मालाला हात लावतात, मध्ये अंतर आहे फक्त तीस-चाळीस किलोमीटरचे. ऊसतोड कामगारांच्या मंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घेण्याची व्यवस्था राज्याने केली आहे. द्राक्ष निर्यातीवर किंवा बाजार समितीच्या सेसमध्ये किलोमागे काही पैशांचा वाटा मजुरांसाठी काढणे अशक्य नाही. बागायतदारही अवकाळीने आणि भावाने पिचलेला आहे, हे आम्ही जाणतो. म्हणून हा भार शेतकऱ्यावर न टाकता निर्यातदार, वायनरी आणि मोठे व्यापारी यांच्यावर टाकावा आणि सरकारने तेवढीच रक्कम घालावी.

सिंहस्थाच्या निमित्ताने पंचवटीत घाट, पूल, रस्ते यांची मोठी कामे होतात. बांधकामावर एक टक्का उपकर कायद्यानेच आहे आणि तो बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे जातो. त्यातून शिष्यवृत्ती, प्रसूतीसाठी मदत, अपघात साहाय्य मिळते. पण नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. सुरगाण्याचा माणूस दोन महिने इथे खडी टाकतो, तीन महिने बागेत असतो, पावसाळ्यात स्वतःच्या शेतात. त्याचे काम कोणत्याही एका कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, म्हणून त्याच्या नावाने जमा झालेला पैसा त्याला मिळत नाही. काम कोणते यापेक्षा काम केले की नाही हे पाहणारी एकच नोंद या माणसांसाठी हवी, आणि ती करायला त्यांना सातपूरच्या कार्यालयात हेलपाटे घालायला लावू नयेत. पेठ आणि सुरगाण्याच्या आठवडे बाजारात ती नोंदणी होऊ शकते.

जिल्हा नियोजन समितीकडे पैसा आहे आणि अधिकारही आहेत. तिने पहिल्यांदा तालुकावार उत्पन्न, बालकांचे वजन आणि स्थलांतर यांचा दरवर्षी हिशेब प्रसिद्ध करावा, आणि त्यात स्थलांतरित मजुराचे उत्पन्न व त्याच्या मुलाचे वजन एकाच ओळीत लिहावे. गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होते आणि टोळ्या दिवाळीनंतर वाढतात. त्याआधी दिंडोरी, निफाड आणि नाशिक तालुक्यांतल्या प्रत्येक मोठ्या द्राक्षगावात एक हंगामी पाळणाघर उघडावे. तिथे सकाळी सातपासून अंगणवाडीचा आहार असावा, आठवड्यातून एकदा परिचारिका यावी, आणि कोकणा किंवा वारली बोली समजणारी एक ताई असावी.